स्टेशनच्या बाकड्यावरचं हिरवं लुगडं

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

पिंके, मी बोलते तसंच लिही, तुझं शहाणपण मधे नको.

दुपारी जपानातून सागरचा व्हिडिओ कॉल आला. नातू माझा, कामावरून परतताना घराजवळच्या छोट्या स्टेशनात उतरून फोन करतो. फलाट इतका झाडलेला आणि रिकामा, की हे खरंच स्टेशन आहे का, असा मला आधीच संशय. तेवढ्यात बाकड्यावर माझं हिरवं लुगडं दिसलं. पिवळ्या काठाचं. तेच फाडून मी त्याला गोधडी शिवून दिली होती. ती स्टेशनावर कशी? आपल्याकडे स्टेशनावर गोधडी दिसली, म्हणजे माणूस तिथेच झोपतो. नोकरी गेली की काय पोराची?

"खरं सांग भाऊ, तुले घर शे ना?"

हसला मेला. म्हणे, "आजी, गोधडी उसवली होती. शेजारची म्हातारी या बाकड्यांसाठी छोट्या गाद्या शिवते, थंडीत लोकांना बसायला. तिला दिली, तिनं तिच्या या गाद्या केल्या."

उसवली? माझा टाका उसवतो होय? लुगडं तर चांगलं हिरवंगार दिसत होतं.

"मग चाल घरी. दाखव मले."

गेला बिचारा फोन धरून. कुलूप उघडलं, दिवा लावला. गादी, शेगडी, खिडकी, सगळं जागेवर. माझा जीव भांड्यात पडला. भांडी घासून पालथी घातलेली. कपड्यांच्या घड्या. खिडकीत फुलांची कुंडी.

इथे होता तेव्हा स्वतःचं ताट कधी उचललं नाही यानं. पिंके, ते घर आवरतं कोण?