सुपारीएवढा तुकडा

वॉल्टेर,
२१ जानेवारी १९७९

ती. अक्कास,
हैमाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र आणि आवकाया लोणच्याची बरणी दोन्ही पोचली. पत्र मी एकटीने वाचलं, बरणी मात्र अख्ख्या वसतिगृहाने वाचून संपवली.

सध्या आमच्या सायन्स कॉलेजात कुणाला मान वर करायला सवड नाही. रसायन विभागाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात मोठं प्रदर्शन आहे. मग एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे सेमिनार, एप्रिलमध्ये परीक्षा, आणि सगळं नीट पार पडलं तर ऑगस्टात पदवीदान. नान्नागारूंनी म्हणे आपली धाकटी लेक एम.एस्सी. होणार असं बोब्बिलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना आताच सांगून टाकलंय. तू आणि भास्करम बावगारू, दोघांनी जोडीने यायचं आहे, बँकेतून रजा मिळत नाही ही सबब चालणार नाही.

प्रदर्शनाचा सगळा भार तुझ्या थोरल्या दिरांवर आहे. वर्गातले कामेश्वरराव सर आणि रविवारी घरी बोलावून माझ्या पानात तूप वाढणारे मोठे बावगारू ही एकच व्यक्ती आहे, यावर नूकरत्नमचा अजून विश्वास नाही. नूकरत्नम म्हणजे माझ्या खोलीतली, भीमुनिपट्टणमच्या कोळीवाड्यातली. तिच्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. वर्गात तिचा पहिला नंबर येतो आणि माझा बहुधा तिच्यामागून कुठेतरी.

आम्हा दोघींना सोडियमचा प्रयोग दिलाय. त्या धातूचा तुकडा पाण्यात टाकला की सुरसुरत पळतो आणि पेट घेतो. डोळ्यांसाठी जाड काचेचे नवे चष्मे आलेत, पण सरांनी ते कपाटात कुलूप लावून ठेवले. पाहुण्यांसमोर नवे कोरे दिसायला हवेत, ओरखडे नकोत म्हणाले. रत्नम मला हळूच म्हणाली, आपले डोळे वापरातलेच आहेत, त्यांना ओरखडे चालतात.

तुझ्या सासूबाईंना, अत्तगारूंना, माझा नमस्कार सांग. धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
हैमवती


राजमहेंद्री,
३० जानेवारी १९७९

चि. हैमास,
अनसूयाक्काचे आशीर्वाद. तुझं पत्र मी अत्तगारूंना वाचून दाखवलं. तुपाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. हल्ली आमच्या घरात दुसरा विषय नाही. विभागाचे प्रमुख उन्हाळ्यात निवृत्त होणार आणि त्या खुर्चीवर थोरले बसणार, हे अत्तगारू दूधवाल्यालाही सांगून झाल्यात. तुझे बावगारू ऐकतात आणि पेपर वर धरतात. थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला पेपर फार उपयोगी पडतो.

पदवीदानाला आम्ही येऊच. त्या कोळ्याच्या मुलीलाही माझे आशीर्वाद सांग. आगीशी खेळताना पदर खोचून घेत जा. लहानपणी दिवाळीत तुझा परकर पेटला होता, ते मी विसरलेले नाही.

आठवणीने लिहीत जा, एवढंच मागणं.
तुझी,
अक्का


वॉल्टेर,
१४ फेब्रुवारी १९७९

ती. अक्कास नमस्कार.
मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

शनिवारी आम्ही प्रयोगाची तालीम करत होतो. प्रयोगशाळेत रत्नम, मी आणि सर, तिघंच. रत्नमने नेहमीप्रमाणे वाटाण्याएवढा तुकडा कापला. सर म्हणाले, हा वाटाणा मागच्या रांगेला कोण दाखवणार, गेल्या वर्षी पाहुणे हसले होते, चांगला सुपारीएवढा काप. रत्नमने विचारलं की सर, एवढा चालेल का. ते म्हणाले, भीत असशील तर दुसरीला दे. तिने कापला. मी तेव्हा चष्मे मागितले. ते म्हणाले, आज तालीम आहे, प्रदर्शन नाही.

तुकडा पाण्यात पडताच काचेचं भांडं फुटलं, तेव्हा ती वाकलेली होती आणि मी पुसायचं फडकं आणायला मागे वळले होते. एवढाच काय तो तिच्या-माझ्या नशिबातला फरक. काच आणि ते जळतं पाणी तिच्या चेहऱ्यावर उडालं. मी तिला नळाखाली धरलं. सर धावत गाडी आणायला गेले, ते मी नाकारत नाही. 

डावा डोळा वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. प्रदर्शन पुढे ढकललंय. काल फळ्यावर सूचना लागली की दोन विद्यार्थिनींनी शिक्षकांच्या गैरहजेरीत, परवानगीवाचून धोकादायक प्रयोग केला. अक्का, मी ती सूचना वाचली आणि मला वाटलं, वाचण्यात माझीच काही चूक होतेय.

लवकर लिही. तुझ्या अक्षराची वाट बघतेय.
हैमा


राजमहेंद्री,
१९ फेब्रुवारी १९७९

चि. हैमास आशीर्वाद.
तू वाचलीस, म्हणून देवापुढे दिवा लावला. त्या मुलीसाठीही लावला.

काल थोरले इथे येऊन गेले. आठ दिवसांत माणूस किती उतरतो. त्यांचं म्हणणं, अपघात झाला तेव्हा ते तिथे नव्हतेच, ऑफिसात होते, मुलींनी परस्पर सोडियमची बाटली काढली. मी पान वाढत होते, दोघे भाऊ जेवत होते. अत्तगारूंना म्हणाले, अम्मा, मी तिला बजावलं होतं, वाटाण्याएवढाच काप, त्या पोरीने सुपारीएवढा कापला. अत्तगारू म्हणाल्या, कोळ्याच्या पोरीला जाळं टाकायचं ठाऊक, तिला कशाला ही उठाठेव. मला ते आवडलं नाही, पण मी वाढत राहिले.

चेल्ली, तुझी अॅडमिशन कुणामुळे झाली, वसतिगृहात जागा कुणी मिळवून दिली, हे तुला आठवत असेल. असल्या क्षणी कुणाचेही डोळे मिटतात. माझं लक्ष नव्हतं, एवढंच सांग. ते काही खोटं होणार नाही, तू मागे वळलीच होतीस. प्रमुखपद, या घराची अब्रू आणि माझं इथलं नांदणं एकाच दोरीला बांधलेलं आहे.

अक्काचं ऐकशील ना? रागावू नकोस.
अनसूया


वॉल्टेर,
२६ फेब्रुवारी १९७९

ती. अक्कास,
रत्नमचा डावा डोळा गेला. पट्टी सोडल्यावर तिने आधी उजवा झाकला, मग डावा झाकला, आणि मला म्हणाली, बरं झालं, सूक्ष्मदर्शकात एकाच डोळ्याने बघायचं असतं. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौकशी पुरी होईपर्यंत तिला परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजने कळवलंय. दोष सिद्ध झाला तर नाव कमी करणार. माझं नाव त्या कागदात नाही. ते कुणी आणि का गाळलं, हे तुलाही कळतं.

तिचे वडील इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून असतात. काल मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की माझ्या मुलीने चूक केली का, एवढंच सांग, केली असेल तर मी तिला घेऊन जातो. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जाऊन बसले. रत्नमने मला साक्ष दे म्हणून एकदाही म्हटलेलं नाही. तिने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितेस, सर तिथे नव्हते. त्याच पत्रात लिहितेस की त्यांनी वाटाण्याएवढा कापायला बजावलं आणि तिने सुपारीएवढा कापला. ऑफिसात बसलेल्या माणसाने तुकडा केवढा होता हे कसं पाहिलं? हे त्यांनी तुझ्यासमोर, तुझ्या हातचं जेवताना म्हटलं. मला फक्त सांग, म्हटलं ना?

दहा मार्चला समितीपुढे जायचं आहे.
हैमा


राजमहेंद्री,
३ मार्च १९७९

हैमा,
तू विचारलंस त्याचं उत्तर मी देणार नाही. तुझं पत्र चुलीत घातलं.

अत्तगारूंनी काल मला समोर बसवून सांगितलं की तुझ्या बहिणीने माझ्या मुलाविरुद्ध तोंड उघडलं, तर तू बोब्बिलीची गाडी धर, आणि मग परतीचं तिकीट काढू नकोस. तुझे बावगारू तिथेच होते. त्यांनी पेपर वर धरला नाही, पण बोललेही नाहीत.

तुझं वय लहान, तुला वाटतं खरं बोललं की संपलं. नान्नागारूंच्या छातीत मागच्या वर्षी दुखलं होतं. मी दारात जाऊन उभी राहिले, तर ते काय म्हणतील याचा विचार कर.

इतक्यात मला लिहू नकोस.
अ.


वॉल्टेर,
१२ मार्च १९७९

ती. अक्कास नमस्कार.
लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

मी सगळं सांगितलं. वाटाणा, सुपारी, चष्मे, सगळं. सरांना गाडी आणायला धावत जाताना मी पाहिलं, हेसुद्धा सांगितलं. सर टेबलाच्या पलीकडे बसले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. शेवटी समितीतले एक वयस्क प्राध्यापक म्हणाले की तुम्ही तिच्या खोलीत राहता, प्रयोगही दोघींचा, तेव्हा तुमच्यावरचं टाळायलाही तुम्ही हे सांगत असाल.  खरं सांगायला किती धीर लागेल याचा मी महिनाभर विचार केला होता. ते सांगूनही कुणी मानणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

येत्या शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. त्या वेळी सर खोलीत होते असं दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, तर त्याच दिवशी निकाल. रत्नमने आपली पुस्तकं बांधायला घेतलीत.

मी तुला ये म्हणत नाही. तेवढा हक्क मला उरलेला नाही. तुझ्यावर काय ओढवलं, ते मात्र कळव. बोब्बिलीला जावं लागलं तर मीही परीक्षा टाकून येईन.

दूर लोटू नकोस.
तुझीच,
हैमा


राजमहेंद्री,
२ एप्रिल १९७९

चि. हैमास अनेक आशीर्वाद.
स्टेशनवर तू सारखी विचारत होतीस की आत काय झालं, आणि मी घरी जाऊन लिहीन एवढंच म्हटलं. आता लिहिते.

तुझं पत्र आलं ते बावगारूंच्या हाती पडलं. त्यांनी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, त्या दिवशी जेवायला मीही बसलो होतो अनसूया, ऐकलं मीही आहे, पण माझ्याने तिथे जाऊन उभं राहवणार नाही, तो माझा भाऊ आहे. मी विचारलं, मी गेले तर? ते म्हणाले, जा म्हणणार नाही, जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. सकाळी उठून पाहते तर दारात रिक्षा उभी होती.

समितीच्या खोलीत गेले तेव्हा थोरले मला पाहून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, घरी अत्तगारूंना काही झालं म्हणून मी धावत आले. अम्मा बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं.  मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग समितीकडे वळून सांगितलं की मी यांच्या सख्ख्या भावाची बायको, अठरा फेब्रुवारीला यांनी आमच्या घरी जेवताना काय म्हटलं ते मी ऐकलंय. शब्दन्‌शब्द सांगितलं. त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं की हे सांगून तुम्हाला काय मिळणार. मी म्हटलं, काय जाणार ते विचारा. मग त्यांनी थोरल्यांना विचारलं, हे खरं का.  ते म्हणाले, माझी भावजय खोटं बोलत नाही.

अत्तगारूंनी मला घालवलं नाही. त्या माझ्याशी बोलणं सोडून बसल्यात. मी वाढलेलं जेवतात, पण पाणी स्वतः घेतात. मला वाटलं होतं, बोब्बिली परवडली असती. पण मी इथेच राहणार आहे.

तू अभ्यास कर. रत्नमलाही बसव, आता तिच्यावर ठपका नाही, परीक्षेला ती मोकळी आहे. लोभ आहेच, तो सांगायला हवा का?
अक्का


वॉल्टेर,
१९ ऑगस्ट १९७९

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.
काल पदवीदान झालं. तू आली नाहीस ते मी समजू शकते. नान्नागारू आले होते. ते पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि ती शिक्षकांची आहे असं सांगूनही उठले नाहीत, बोब्बिलीच्या शाळेतले का होईना, आपणही शिक्षकच आहोत म्हणाले.

रत्नम पहिली आली. उजव्या डोळ्याने अभ्यास करून पहिली. तिचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात जो आवाज झाला, तो तिच्या वडिलांना कळेना, ते घाबरून उभे राहिले. व्यासपीठाच्या पायऱ्या उंच आहेत, आणि एकाच डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही. पहिल्याच पायरीवर तिचा पाय चुकला. पायऱ्यांशी कोण बसलं होतं, तर कामेश्वरराव सर. प्रमुखपद दुसऱ्याला गेलं, प्रयोगशाळेचं काम त्यांच्याकडून काढलं, तरी झगा घालून ते आले होते. ते झटकन उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

रत्नम थांबली. तिने त्या हाताकडे पाहिलं. मग झगा थोडा उचलला, पायाने पायरी चाचपली, आणि एक-एक करत आपली आपण वर गेली. ती पदवी घेऊन पलीकडून उतरेपर्यंत सर तसेच उभे होते. खाली बसायचं त्यांना सुचलं नसावं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. काय आलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

माझाही दुसरा वर्ग आला, हे शेवटी लिहितेय, कारण नान्नागारू ते तुला आधीच कळवणार.
माया राहू दे.
हैमवती


राजमहेंद्री,
२४ ऑगस्ट १९७९

चि. हैमास,
अक्का आणि बावगारूंचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा दुपार होती. तुझ्या बावगारूंना बरं नव्हतं म्हणून ते घरीच होते. त्यांना मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. रत्नम पहिल्या पायरीवर अडखळली, तिथपर्यंत आले. मी पाणी प्यायला थांबले.

तेव्हा आतून, स्वयंपाकघरातून, अत्तगारूंचा आवाज आला. मार्चपासून पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या. त्यांनी विचारलं की पोर पडली का.

मी म्हटलं, नाही, अत्तगारू. आपली आपण वर गेली.

 मग त्या म्हणाल्या, पुढचं वाच, थांबलीस कशाला.

मी वाचलं. हात पुढे केला तेही, आणि ते उभेच राहिले तेही.

तुझी,
अनसूयाक्का