साठ चिठ्ठ्यांचे कोपरे

॥ श्री ॥

म्हसावद, ता. ६ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप आजीस,
गिरधरचा कृ. शि. सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. पण मुंबई-सुरतेकडची मानमोडीची साथ रेल्वेने नंदुरबारपर्यंत आली आणि तिथून बैलगाड्यांनी आमच्यापर्यंत यायला तिला वेळ लागला नाही. गावात सात-आठ जण तापाने पडले आहेत. शाळाखात्याच्या डिपोटीसाहेबांचा हुकूम आला की पुढचा हुकूम येईपर्यंत शाळा बंद ठेवावी आणि आरोग्याचे नियम प्रत्येक मुलाच्या घरी पोचवावेत.

मुले आहेत साठ. छापून द्यायला इथे काय आहे! लढाईमुळे कागदही महाग. मग मला एक युक्ती सुचली. मागच्या परीक्षेचे कागद सुतळीत ओवून खुंटीला टांगलेले होते, त्यांची मागची बाजू कोरी. तेच एकेक ओढून काढले आणि तीन दिवस बसून साठ चिठ्ठ्या लिहिल्या. काही मुलांच्या हाती दिल्या, लांबच्या वस्त्यांना गावचा जागल्या हिलाल देऊन येईल. एक जास्तीची लिहून तुमच्या माहितीसाठी सोबत ठेवली आहे. अक्षर कसे आले आहे ते वाचणाऱ्या व्यक्तीला विचारून कळवावे.

दिवाळीला येतोच. आपला हात डोक्यावर आहे तसाच असू द्यावा.

आपला नातू
गिरधर

॥ श्री ॥

प्रकाशे, ता. ९ ऑक्टोबर १९१८

चि. गिरधर यास,
गजराबाईचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पाकीट मगन पोस्टमनने दिलं. अनुसयाने उघडलं, तर आधी तुझी ती चिठ्ठी माझ्या ओटीत पडली. वरचा कोपरा फाटलेला. बाबा रे! कोण गेलं, कोण गेलं म्हणून मी विचारते, आणि ही तुझी शिकलेली बायको वाचायचं सोडून पदर डोळ्यांना लावून बसली. शेवटी मीच ओरडले तेव्हा वाचलं. तर काय, मुलाने थुंकावे ते राखेत थुंकावे!

अरे मास्तरा, कोपरा फाडलेला कागद घरी आला म्हणजे त्या घरचं माणूस गेलं, हे म्हशी राखणाऱ्यालाही ठाऊक आहे. मला एक अक्षर येत नाही, पण पासष्ट वर्षांत कोपऱ्याने मला कधी फसवलं नव्हतं. ते काम तू केलंस. सुतळीतून ओढताना साठही कोपरे सुतळीलाच राहिले ना? आणि असले कागद तू घरोघर धाडलेस! हे पत्र पोचेल तेव्हा हातातलं टाकून धाव आणि जेवढ्या चिठ्ठ्या मागे घेता येतील तेवढ्या घे.

अक्षराचं विचारलंस. वाचणारी व्यक्ती म्हणते चांगलं आहे. कान लाल झालेत तिचे. तिच्या हाती पत्र देण्यात आणखी एक त्रास आहे. मी शे म्हणते, ती आहे लिहिते. मी मन्हा म्हणते, ती माझा लिहिते. तुझ्यापर्यंत पोचता पोचता मी पुण्याची होऊन जाते. तू आपलं खानदेशीच ऐक.

सुंठ-गुळाचा काढा घे. माया कमी होणारी नाही, पण अक्कल वाढव.

तुझी आजी
गजराबाई

॥ श्री ॥

म्हसावद, ता. १३ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप आजीस,
गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले, पण उशीर झाला होता. कसे लिहू? लोटन पाटलांच्या मळ्यात हिलालने चिठ्ठी दिली तेव्हा ती त्यांच्या आईने, छबूबाईने घेतली. तिने कोपरा पाहिला, घरातली माणसे मोजली, लोटन तेवढा दिसला नाही. झाले. चूल विझवली, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतले आणि आयाबाया गोळा होऊन रडू लागल्या. तेवढ्यात लोटन पाटील बैल हाकत अंगणात आले. आपल्याच नावाने चाललेले रडणे त्यांनी ऐकले आणि बायकांनी त्यांना पाहून आणखी मोठी किंकाळी फोडली.

अशी आठ-दहा घरे झाली. बाजाराच्या दिवशी चाळीस-पन्नास माणसे शाळेपुढे जमली. गर्दी करू नये म्हणून जी शाळा बंद केली, तिच्याच ओट्यावर महिन्यातली सगळ्यात मोठी गर्दी मी केली. लोटन पाटील म्हणाले की मास्तरने मला जिवंतपणी मारले, आता मुलगा शाळेत पाठवून त्यालाही मारू का?

मी हात जोडले, त्याचे काही वाटत नाही. पण आता माझे नियम कुणी ऐकत नाही. शाळेच्या कागदाबरोबरच मरण येते असे बोलतात. चिठ्ठ्या जाळल्या. तापाची पोरे शेजारी खेळायला जातात, आजाऱ्याला पाहायला सारी गल्ली आत शिरते आणि दोन दिवसांनी ती गल्ली अंथरूण धरते. काल पहिलीतली एक मुलगी गेली, आजी. तिच्या घरी माझी चिठ्ठी न वाचता चुलीत गेली होती.

काय करावे ते सुचवा. बोलणी दिलीत तरी चालतील.

आपला
गिरधर

॥ श्री ॥

प्रकाशे, ता. १६ ऑक्टोबर १९१८

चि. गिरधर यास अनेक आशीर्वाद. विशेष.

त्या मुलीचं ऐकलं. आता बोलणी देत नाही. लोटन पाटलाचं ऐकून मात्र हसले, देव मला माफ करो. जिवंतपणी आपल्यासाठी कोण किती रडतं ते किती जणांना बघायला मिळतं? त्याला म्हणावं, तुझं भाग्य.

आता ऐक. कागद अखंड घे. चारी कोपरे शाबूत. वाण्याकडून हळद आण आणि प्रत्येक कोपऱ्याला बोट लाव, लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसं. हळदीचा कागद बाई दारातून परत पाठवत नाही. आणि तो धाडू नकोस, स्वतः ने. उंबरा ओलांडू नकोस, अंगणातच उभा राहा. घरधन्याला नाही, घरच्या बाईला हाक मार. ताप उतरवायचं काम धनी करतो की ती?

आणि तिला वाचून दाखवू नकोस. तुझ्या त्या चिठ्ठीतलं निम्मं मलाच कळलं नाही. पाच बोटं दाखव. अंगठा म्हणजे ज्याला ताप त्याने घरात राहायचं. त्याच्या शेजारचं बोट म्हणजे त्याची भावंडंही घरात. मधलं सगळ्यात लांब, म्हणून दिवसही लांब, ताप उतरल्यावरही दहा दिवस बाहेर पाऊल नाही. चौथं म्हणजे तांब्या वेगळा, थुंकी राखेत. आणि करंगळी म्हणजे आजाऱ्याला बघायला जायचं नाही, कितीही जवळचा असो. बोट सगळ्यात लहान, पण पाळायला तेच सगळ्यात जड. पोराच्या हातावर दाखव, तो आपल्या मायला दाखवेल.

आता घरची खबर. आज सकाळी नवलसिंग गड्याकडून माळ्यावरचा पाळणा काढून घेतला, धुवायला. पुढचं सांगितलं तर अनुसयाची लेखणी थांबली. म्हणते, हे मी लिहिणार नाही. मी म्हटलं, बरं, नको लिहू, तो मास्तर आहे, पाळण्याचा अर्थ लावेल. पाचवा लागलाय.

नीट राहा. आहेस तेवढाच आम्हाला पुरे आहेस, त्यात कमी होऊ नकोस.

तुझी आजी
गजराबाई

॥ श्री ॥

म्हसावद, ता. २२ ऑक्टोबर १९१८

तीर्थरूप आजीस शि. सा. न. वि. वि.

पाळण्याचा अर्थ लागला. दोनदा लावून पाहिला.

आपली बोटे गावभर फिरत आहेत. हळदीचा कागद पाहिला की बाया दारात येतात. छबूबाई पहिल्यांदा माझ्यावर झाडू घेऊन आली होती. आता तीच ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला करंगळी दाखवते आणि पाहुणा परत फिरतो. लोटन पाटलांनी कागदासाठी पदरचा दस्ता आणून दिला. म्हणाले, यावर मारायचे तर दुसऱ्या कुणाला मार.

एकच वस्ती उरली, डोंगराच्या पायथ्याचा पाडा. तिथे खात्या नावाचा शेतकरी आहे, त्याचा मुलगा बाज्या आमच्याकडे पहिलीत आहे, अजून ग म भ न वरच. खात्याला वाचता येत नाही आणि आपली मराठी बोली त्याला जेमतेम कळते, पण बोटे कुणालाही कळतात. उद्या जातो. आज डोके जरा जड आहे, उन्हाने असेल.

दिवाळीला येत नाही. रागावू नका. गावात घरोघर ताप आहे आणि आपल्या घरी पाळणा धुतला आहे. लोकांना जी करंगळी दाखवतो ती मलाही पाळली पाहिजे. वाचणाऱ्या व्यक्तीने हे दोनदा वाचावे आणि डोळे पुसावेत.

आपला
गिरधर

॥ श्री ॥

प्रकाशे, ता. १ नोव्हेंबर १९१८

चि. गिरधर यास अनेक आशीर्वाद.

दहा दिवस झाले, तुझी ओळ नाही. मगन रोज येतो आणि लांबूनच मान हलवतो. काल त्याने थांबून सांगितलं. म्हणाला, मास्तर पाड्यावर गेला तो तिथेच तापाने पडला. हिलाल बघायला गेला होता, तर खात्याने त्याला कुंपणाबाहेरच थांबवलं. आधी पाची बोटं दाखवली, मग चार मिटून करंगळी तेवढी उभी धरली. हिलाल आला तसा परत गेला. तुला पाहिलं कुणीच नाही. ही पाच दिवसांपूर्वीची गोष्ट.

शिकवलंस खरं रे बाबा. नको तितकं शिकवलंस.

मगन गेल्यावर मी नवलसिंगला गाडी जुंपायला सांगितली. अनुसयाने गाठोडं बांधलं होतं, बहुतेक परवाच बांधून ठेवलं होतं. मी गाडीत पाय ठेवला, दांडी धरली आणि माझाच हात मला दिसला. ते बोट काही सरकारच्या पुस्तकातलं नव्हतं, मीच या ओट्यावर बसून काढलं होतं. साठ घरांच्या आयांना ते मी पाळायला लावलं, त्यांचीही पोरं आत तापाने फणफणत होती. आणि माझा नातू पडला म्हणून मी पाच महिन्यांच्या गरोदर पोरीला घेऊन तापाच्या घरात शिरू? गाडी सोडायला लावली. अनुसया माझ्याशी बोलत नाही. लिहिते तेवढं. या कागदावर शाई पसरली असेल तर पाण्याचा तांब्या सांडला असं समज.

तुझे आईबाप गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी रडत नाही म्हणून लोक मला दगड म्हणाले. दगड नव्हते रे. तुला जेवू घालायचं होतं.

हे पत्र कोण वाचणार ठाऊक नाही. मगन आला की मी त्याचं तोंड बघत नाही, हातातल्या कागदाचा कोपरा बघते. एवढंच सांगते, पोरा. कोपरा शाबूत ठेव.

आजी

॥ श्री ॥

प्रकाशे, ता. ६ नोव्हेंबर १९१८

चि. गिरधर यास अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. अनुसया म्हणते एकदाच लिहितात. लिही म्हटलं.

आज भाऊबीज. मगन आला तो धावत. म्हणाला, पाड्यावरून हिलालच्या हाती, हिलालकडून टपालवाल्याच्या, असा हातोहात कागद आलाय. अनुसयाने झडप घालून उघडला. उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला. पांढरीफटक पडली. म्हणाली, आजी, यात काहीच लिहिलेलं नाही. कोरा आहे. आणि खाली बसली.

मी तिच्या हातून घेतला. कागद तुझ्या दस्त्यातलाच, घडीवर चुलीच्या धुराचा वास. चारी कोपरे अखंड. आणि चारी कोपऱ्यांवर हळद, तुझ्यासारखी बोटाच्या टोकाने लावलेली नव्हे, नांगर धरणाऱ्याचा अख्खा अंगठा, आणि हळद ओली असतानाच कागदाची घडी घातलेली. गिरधर, पासष्ट वर्षांत माझं प्रत्येक पत्र मला दुसऱ्याने वाचून दाखवलं. हे मी स्वतः वाचलं. घडाघडा वाचलं. शिकलेली माझ्या पायाशी बसून विचारत होती, काय लिहिलंय आजी, आणि मी तिला सांगितलं की नवरा तुझा वाचलाय, ताप उतरलाय, पण उठून लिहिण्याएवढी ताकद अजून नाही आणि खात्या त्याला पेज पाजतोय. इतकं सगळं होतं त्यात. नीट बघितलं तर आणखीही असेल.

आता मधलं बोट आठव. आजपासून दहा दिवस तिथून हलायचं नाही. मास्तर असलास तरी खात्या सोडायचा नाही, आणि त्याने सोडलं तर मी त्याला विचारीन. दिवाळी आम्ही पणती लावून केली, तुझी आलास की पुन्हा करू. करंज्या राहतील, मी राखण करते.

सोबत दुसरा एक कागद आहे. तो तुझा नाही, उघडून अक्षरं शोधू नकोस. खात्याच्या हाती दे. त्याच्या पत्राचं उत्तर द्यायचं होतं आणि अनुसयाने लेखणी उचलली तेव्हा मी ती बाजूला ठेवायला सांगितली. हळद भिजवली, करंगळी बुडवली आणि चारी कोपऱ्यांना मीच लावली. एका ठिकाणी डाग पसरलाय.

मग तिला दाखवला आणि विचारलं, मास्तरीणबाई, यात चूक काही आहे का. तिने बराच वेळ तपासला आणि म्हणाली, एकही नाही.

तुझी आजी
गजराबाई