भाकरीचं वाक्य कुणाचं?

मंगळवार, संध्याकाळ

परक्या मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या निबंध स्पर्धेतून माझी रेवा बाद. परीक्षक काकूंचा फोन आला. "भाकरी फुगली की घर जागं होतं, हे वाक्य तुमच्याच जुन्या लेखातलं आहे. आपल्या स्मरणिकेत छापलंय. कॉपी केलीय पोरीने."

कॉपी! तो लेख तिने पाहिलेलाही नाही. भाकरी फुगली की मी रोज तव्यापाशी हेच म्हणते. पण पुरावा काय देऊ? तवा नेऊन दाखवू? की चूक माझीच? ऐकलेलं वाक्यही दुसऱ्याचं असतं, हे मी कधी शिकवलं?

शेवटी चिडून रेवालाच म्हटलं, "पुढच्या वेळी स्वतःच्या शब्दांत लिही."

रेवा रडतच म्हणाली, "माझ्याशी मराठी फक्त तूच बोलतेस ना, आई? मग दुसरे शब्द आणू कुठून?"