सळयांच्या टोकाचं कापड

याडी, माझे आई, ब्लाऊजचं काम बाजूला सारून हिंगोलीच्या दुकानात तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावं?

तांड्यावरची आपली चूल आठवते. बा शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर. उद्या लोखंडी सळया घेऊन कळमनुरीकडे निघायचं, सळया मागे पुरुषभर बाहेर येणार आणि मागचा दिवा तर बंदच, हे तो जेवताना सहज सांगतो. तू उठून तुझ्या जुन्या फेटियाचा, लग्नातल्या घागऱ्याचा, आरसे लावलेला काठ फाडतेस. "हे बांधा टोकाला. मागच्याची लाईट पडली की चमकल." बानं बांधलं खरं, पण ढाब्यावरचे ड्रायव्हर हसले, "ट्रकला बायकोचा घागरा नेसवला काय रे?" लाज आडवी आली. त्यानं ते सोडून खिशात घातलं आणि सगळे बांधतात तसं साधं लाल फडकं बांधलं. दिवेलागणीला ट्रक रस्त्याच्या कडेला उभा करून तो चहाला उतरला, आणि मोटारसायकलवर घरी निघालेले एक गुरुजी मागून सळयांवर आले. त्या वेळी लाल फडकं काळंच दिसतं. गुरुजी जागीच गेले.

त्यांच्या बायकोनं परभणीच्या कोर्टात दावा लावला. शेठच्या वकिलाला तेवढं फडकं पुरलं. खूण बांधली होती, गुरुजीच बेफाम आले, म्हणाला. बानं मान डोलावली. तू मात्र हट्टाला पेटलीस, "मी जाऊन सांगते. आरसे व्हते, ह्यांनी सोडले. त्या मास्तराची काय चूक?" तुला बानं नाही, मी अडवलं. "याडी, काहून घर मोडून राहिलीस? बा आत गेला तर?" तू खाली बसलीस. निकालात निम्मी चूक गुरुजींची ठरली. त्या दिवशी बा पोटभर जेवला. तू त्याला वाढलंस, पण पुन्हा कधी कापडावर आरसा टाकला नाहीस. मला तुझाच राग आला होता. बाप सुटला तर हिचं काय बिघडलं? आता फार वाईट वाटतं गं. तुला बोलू द्यायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात गुरुजींचा मुलगा दुकानात आला. तोही आता शिक्षक आहे. "ताई, भांडायला न्हाई आलो," म्हणाला. "तुमचे वडीलबी गेले, आता विचारावं कुणाला? आमच्या गावात अजून म्हणतात, मास्तरनं बघून चालवली न्हाई. आई मरेपर्यंत हेच ऐकत राहिली. खरंच बाबांची चूक व्हती का?" "आरसे व्हते, ह्यांनी सोडले," हे तुझं वाक्य माझ्या ओठांवर आलं. बानं परत आणलेलं ते कापड तर शिलाई मशीनच्या खणातच होतं. आणि मी म्हणाले, "चूक दोघांची होती. कोर्टानंच तसं ठरवलं." तो "बराबर आहे" म्हणाला, पाणी प्यायला, आणि काही आठवलं तर कळवा म्हणून पत्ता लिहून गेला.

तुला लिहिणं सोपं आहे, याडी. तू काही विचारत नाहीस. त्याचा पत्ता समोर पडला आहे, आणि त्याच्यासाठी कागद मी अजून घेतलेला नाही.