जाळीआडचा ठिपका

प्रिय ठकू,

सगळ्यात आधी आली ती तळमजल्यावरची शिंपीणबाई, आणि जिन्यातूनच ओरडली की आजी, पाहुणे सोडतेय वर, हातात कम्प्युटर आहे पण पोरं गरीब दिसतात. मागोमाग एक चष्मेवाली पोरगी नि धापा टाकणारा उंच मुलगा, दोघं तुझ्याच वयाची. मी आत स्टूल ओढून जाळीच्या दारापाशी बसले, ती बाहेर पायरीवर. दाराला बाहेरून कुलूप असतं, तुला ठाऊक नसेल. मी जिन्यात घसरले ना, तेव्हापासून तुझा बाबा कामावर जाताना लावून जातो. वाईट नाही गं तो, भित्रा आहे.

तर माणसांच्या ओळखी कशा वाढत जातात, त्याचं गणित मांडतात ही पोरं. मला आधी वाटलं, लग्नं जुळवतात. आपली अख्खी इमारत पडद्यावर काढलीय त्यांनी. घर म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ. साल पुढं सरकवलं की रेघा भोपळ्याच्या वेलासारख्या पसरतात. त्यात सगळ्यात गलेलठ्ठ ठिपका मी. नवं बिऱ्हाड आलं की झाडू मागायला, पाणी कधी येतं विचारायला पहिलं माझ्याकडेच यायचं ना. पोरगी म्हणाली, ज्याच्याकडे रेघा जास्त, त्याच्याकडेच नव्या जाण्याची शक्यता जास्त. जुन्या वर्षांवरून पुढचा अंदाज बांधायचा आणि खऱ्याशी ताडून बघायचा. मी म्हटलं, एवढं शिकून हेच? गर्दीतच गर्दी शिरते, बाजारात रोज दिसतं. तर तो उंच मुलगा म्हणतो, हो आजी, पण किती शिरेल तेही सांगता यायला हवं.

अंदाज सगळीकडे जमला, फसला तो माझ्यापाशी. अलीकडची बिऱ्हाडं माझ्या दारी यायला हवी होती, एकही आलं नाही. वय झालं की माणसाची ओढ आटते असं गणितात घालावं का, यावर दोघांची जुंपली होती, म्हणून मला बघायला आली. बोलता बोलता पोरीनं कुलपाला हात लावला. मग हळूच विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं. तिनं पडद्यावर माझा ठिपका मोठा करून बघितला. शेवटची रेघ कुलूप लागायच्या आधीची होती. तोंडं पडली बिचाऱ्यांची, म्हणून मीच म्हटलं, तुमचं गणित पास, मी नापास. हसली तेव्हा. चहा टाकला होता, पण कप जाळीतून जाईना. शेवटी शिंपीणबाईनं खालून आणून दिला. माझ्या दारात माझ्या पाहुण्यांना दुसरीचा चहा, बघ. तरी इतकी बडबडले की घसा बसला, असा दिवस किती दिवसांनी उजाडला.

संध्याकाळी तुझ्या बाबाला म्हटलं, किल्ली शिंपीणबाईपाशी ठेवत जा. तो म्हणाला, आई, तुला जायचंय कुठं? तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय म्हणून लिहायला बसले. मला कुठं जायचं नाही रे, लोकांनी यायचंय. पण मी बोलले की तो माझ्या गुडघ्याकडे बघतो. तुझं ऐकतो. फोनवर तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून हा कागद. शिंपीणबाई टाकेल पेटीत. त्याच्यावर चिडू नकोस, नुसतं किल्लीचं सांग, आणि बुधवारच्या आत सांग. ती दोघं गुरुवारी परत येणार आहेत.

तुझीच,
वाट बघणारी आजी