डोळा राखून तोडलेला शब्द

बडोदे, ६ जानेवारी १९७२

चि. मुक्तास, अ. उ. आ.

मी ऊसलागणीला दांडी मारायला बहाणे सांगतो, असं परत लिहिलंसच ना! आबांचा हात दुखावला हे मला कळत न्हाई व्हय? या वेळी येतोच. खोलीतला जैनुद्दीन पंधरा दिवस कारखान्यात माझ्या फाटकाच्या पासावर कामाला जाईल. पासावर फोटो नसतो, इथं सगळे असंच करतात. फक्त तळाला लाल रंगात इंग्रजी शब्द हाय, आगगाडीएवढा. कुणी म्हणतं कंपनीचं नाव, कुणी म्हणतं मालकाचं आडनाव. अक्षरं जशीच्या तशी काढून पाठवतोय. तू मॅट्रिकची, फोडून दाव. का तुलाही दम लागतो?

तुझा थोरला भाऊ,
रंगनाथ

कोपरगाव, १३ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

दम तुलाच लागतो, कारण तू कुठंही तोडतोस. उसाच्या बेण्याची टिपरी करताना डोळ्यावरच कोयता घालायचास, मग तिथं कोंबच फुटायचा नाही. आबा अजून हसतात. लांब शब्दही ऊसच. नुसता वाचायचा तर घासाघासानं तोड: नॉन, ट्रान्स, फ, रे, बल. पण अर्थ हवा तर डोळा राखून तोड: नॉन, ट्रान्स, फर, एबल. नॉन म्हणजे नाही. ट्रान्स म्हणजे इकडून पलीकडे. फर म्हणजे नेणं. एबल म्हणजे होण्याजोगं. जोडायचं काम तुझं. मी जोडून पाहिलं आणि मला मुळीच आवडलं नाही. आबांनी तुझ्या कोयत्याला धार लावून ठेवली आहे.

भांडायला सदैव तयार,
मुक्ता

बडोदे, २० जानेवारी

चि. मुक्तास, अ. उ. आ.

जोडलं गं बाई. एकाचा दुसऱ्याला नेता न येणारा! जैनुद्दीनला तोडून दाखवला, तर त्याचं तोंडच उतरलं. म्हणाला, गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या पासावर आलेल्या दोघांना फाटकावरून कायमचं हाकललं ते यापायीच. आम्ही समजत होतो मुकादमाची खुन्नस. त्यानं पास परत माझ्या खिशात कोंबला, आणि मी भरलेली पिशवी रिकामी केली. आता पिंपांवरची नावं, फाटकावरची पाटी, जे दिसंल त्याची टिपरी करत सुटलोय; खोलीतले लई वैतागलेत. आबांना सांग, बहाणा नव्हता.

राग धर, पण पत्र धाड.
रंगनाथ

ता. क. माझा कोयता शेजारच्या बन्सीला दे, आणि डोळा राखून तोडायला सांग, माझ्यासारखं नको. त्याच्या रोजाचे नि आबांच्या हाताला चोळायच्या तेलाचे मिळून मनिऑर्डरीनं पाठवतोय, रुपये पंचेचाळीस.