श्रेयाची तपासणी

आणे, ता. जुन्नर
९ जानेवारी २०२४

ती. वैजयंतीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंपालटं करून बघशील. शेजारच्या तालुक्यातल्या बहिणीला फोन सोडून पत्र लिहितो, म्हणजे याचं डोकं फिरलं, असंही म्हणशील. पण फोनवर माझ्या तोंडून नुसती हवा निघते, आणि पप्पूच्या मोबाइलवर काही टाइप केलं की ते सगळं घर वाचतं. म्हणून आपली जुनी वाट धरली.

ऑपरेशनच्या वेळी तू दवाखान्यात होतीस, तरी डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते तुला नीट कळायला हवं. माझ्या मानेतल्या थायरॉइड ग्रंथीचा हा कर्करोग फार थोड्यांना होतो. मेड्युलरी म्हणतात त्याला. दोन वर्षं आवाज बसत होता. बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईक धरून दिवसभर कुणाचा गाडा कधी सुटणार त्या बाऱ्या पुकारल्यावर घसा बसायचाच, असं मी काय, सगळा तालुकाच म्हणत होता. घाटातला कुशाबा तर म्हणायचा की बसका आवाज माईकवर लई भारी लागतोय, तसाच ऱ्हाऊ दे. मी दोन हंगाम हळद-मध चाटत काढले. तोवर रोग मानेतल्या आजूबाजूच्या गाठींत गेला आणि आवाजाच्या नसेला धरून बसला. ती नस कापावी लागली.

आता मुद्द्याचं. माझ्या रक्ताची जनुकांची तपासणी आली. हा आजार मला घराण्यातून आलेला आहे. आपले अण्णा शेवटची दोन वर्षं मफलर गुंडाळून बसायचे, ते बहुतेक यानेच गेले. भावंडांनी आणि मुलांनी रक्त तपासायचं आहे. प्रत्येकाला निम्मी शक्यता. ज्याच्यात दोष निघेल त्याची ग्रंथी रोग पसरायच्या आत काढली, तर रोज एक गोळी घ्यायची आणि आपल्या कामाला लागायचं. उशीर झाला की माझ्यासारखं.

डॉक्टरांनी मला मुलं किती ते विचारलं. बोलायला आता पाटीच असते, तिच्यावर मी दोन लिहिलं, अश्विनी आणि पप्पू. इंद्रायणी शेजारीच होती. तिने पाटीकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे केलं. अक्का, श्रेयाला बाराव्या दिवशी तुझ्या ओटीत घातली, तेव्हा ती माझी आणि इंद्रायणीची आहे हे तिला कधी कळू द्यायचं नाही असा शब्द मी तुला दिला. तेवीस वर्षं पाळला. दवाखान्यातही पाळला. पण तिथून आल्यापासून घास गोड लागत नाही.

आधी तू तपासून घे, मग बोलू. भाऊजींना नमस्कार. या मुक्या भावावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
दादाभाऊ


लोणी, ता. आंबेगाव
१२ फेब्रुवारी २०२४

चि. दादाभाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. शाळेत तुझ्या पाट्या मी लिहून द्यायचे, त्याचं हे फळ. दोनदा वाचलं तेव्हा कुठे लागलं, आणि लागल्यावर वाटलं, न लागतं तर बरं होतं.

माझी तपासणी झाली. माझ्यात तो दोष नाही. घरी सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली, आणि मी मात्र तेव्हापासून चोरासारखी वावरते आहे. का ते सांगते.

रिपोर्ट घ्यायला श्रेया माझ्याबरोबर आली होती. मंचरच्या पतसंस्थेतून सुट्टी काढून आली. मोठी हुशार ना आपली बाई, डॉक्टरांना तिनेच विचारलं की मग मलाही तपासायला लागेल का. डॉक्टर हसून म्हणाले की आईतच नाही तर लेकीत कुठून येणार, निर्धास्त राहा. श्रेयाने तिथल्या तिथे तिच्या बाबांना फोन लावला. येताना पेठला गाडी थांबवून पेढे घेतले, पहिला माझ्या तोंडात घातला, आणि मी तो खाल्ला. डॉक्टरांच्या खोलीत तोंड उघडायला हवं होतं.

दादाभाऊ, निम्मी शक्यता म्हणजे निम्मी नसण्याचीही आहे ना रे? पोरीला साधा सर्दी-खोकला होत नाही. लग्नानंतर नऊ वर्षं मी लोकांच्या बारशांना जाऊन पाळणे म्हटले, ते तू पाहिलं आहेस. तिला कळलं आणि ती मला आई म्हणायची थांबली तर मी काय करू? तुझ्यापासून काय लपवायचं, मला तिच्या आजाराइतकीच याची भीती वाटते, आणि असं वाटतं याची लाजही वाटते.

अश्विनी आणि पप्पूचं काय झालं ते कळव. इंद्रायणीला सांभाळ. ती बोलत नाही म्हणजे तिला काही वाटत नाही असं धरून चालू नकोस. बहिणीवर रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी
अक्का


आणे
२५ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागावायला मला जागाच नाही. तू गप्प बसलीस, मी पाटीवर दोन लिहिलं. दोघं एकाच माळेचे मणी.

पप्पू सुटला. त्याने निकाल यायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमी काय घाबरत न्हाई. निकाल आल्यावर गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेला मिठी मारून बसला होता. अश्विनीत मात्र निघाला. तिला ना गाठ, ना आवाज बसलेला, ना कसली कुरकुर. बाहेरून ठणठणीत. सोनोग्राफीत ग्रंथीत ज्वारीच्या दाण्याएवढा डाग दिसला. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. बाकी कुठे काही पसरलेलं नाही. आज सकाळी भाकरी करपली म्हणून माझ्यावर ओरडत होती. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तीच भाकरी दोनदा मागून घेतली.

माझं सांगायचं तर नव्या स्कॅनमध्ये यकृतावर ठिपके आहेत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत. त्या रोगाला वेसण घालतात, मारत नाहीत. तळपाय सोलतात, रक्तदाब चढतो. किती वर्षं, ते कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. श्रेयाला सर्दी होत नाही यावर जाऊ नकोस, अश्विनीलाही होत नव्हती. शब्द मी तुला दिला होता, तेव्हा तो मोडायचा अधिकार तुझा. मी लोणीला येऊन तिच्यापुढे पाटी धरू शकतो. पण तिला हे माझ्याकडून कळलं तर ते तुला आयुष्यभर सलेल, आणि मलाही. महिनाभर वाट बघतो. त्यानंतर मात्र येणार.

मला आता तुझं पत्र इंद्रायणीला वाचून दाखवता येत नाही म्हणून तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली, आणि एवढंच म्हणाली की पोरगी जगली पायजे, मग कुणाची का असंना. तेवीस वर्षांत ती यावर पहिल्यांदा बोलली.

राग येऊ दे, पण लोभ असू दे.

तुझा
दादाभाऊ


लोणी
२१ मार्च २०२४

चि. दादाभाऊस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं.

आधी खोटं बोलून बघितलं. म्हटलं, विम्यासाठी रक्त तपासायला लागतंय. पतसंस्थेत नोकरी करणारी पोरगी ती, विमा तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तिने मला दोन प्रश्न विचारले आणि मीच विषय बदलला. मग परवाच्या रविवारी पावट्याच्या शेंगा सोलायला बसलो होतो, तेव्हा सगळं सांगून टाकलं. सुरुवात कुठून केली ते आता आठवत नाही.

ती शेंगा सोलत राहिली. टोपली संपवली. मग तिने विचारलं की मामीने तिला किती दिवस पाजलं. मी म्हटलं, अकरा. तिने हात धुतले. मग विचारलं की डॉक्टर निर्धास्त राहा म्हणाले तेव्हा हे तुला ठाऊक होतं ना. मी हो म्हटलं. दादाभाऊ, तिने जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. ओटीत घातल्याचा तिला तेवढा धक्का बसला नाही. त्या खोलीतल्या गप्प बसण्याचा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. मंचरला मोहिनी म्हणून तिची मैत्रीण आहे, तिच्याकडे राहते. रक्त एकटीच देऊन आली, तेही मला मोहिनीकडून कळलं. तिच्या बाबांशी बोलते. माझा फोन उचलत नाही. मी रोज लावते, वाजून बंद होतो, तेवढ्यानेही बरं वाटतं.

तुझ्या तळपायांना खोबरेल लाव. माझ्यासाठी देवाला काही मागू नकोस, तिच्यासाठी माग.

तुझी
अक्का


मंचर
१२ मे २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मायना लिहिताना बराच वेळ पेन थांबलं. शेवटी हाच लिहिला, कारण दुसरा कुठलाही लिहिला असता तर तो हात माझा वाटला नसता.

तुमच्या गोळ्यांमुळे तुम्हाला पुण्याला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. माझ्यात दोष निघाला. ग्रंथीत तीन मिलिमीटरचा डाग होता. ३ मे रोजी ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. डॉक्टर म्हणाले की आणखी पाच-सात वर्षांनी आले असते तर बोलणं वेगळं झालं असतं. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि सहा महिन्यांनी रक्त. अश्विनीताईने फोनवर मला गोळी विसरू नये म्हणून काय काय करायचं ते अर्धा तास शिकवलं. तिची बडबड तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही मला दिलंत याचा मला राग नाही. विचार करून लिहिते आहे. त्या घरात मला काही कमी पडलं नाही. राग पेढ्याचा आहे. मी तो आईच्या तोंडात घातला आणि तिने खाल्ला, हे अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जाईल कधीतरी. आईने सांगितलेल्या तुमच्या पाटीवरच्या दोनच्या आकड्याचाही थोडा राग आहे, तो तुम्ही बरे झालात की भांडून काढीन.

ऑपरेशनला मोहिनीच येणार होती. आदल्या दिवशी दुपारी वॉर्डात कपडे बदलून बसले, आणि मला दुसरं कुणीही नको झालं. आईला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. तीन तासांत ती आणि बाबा दारात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आली, कुणी न बोलावता, आण्याहून एसटीने, एकटी. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, आईला जेवलीस का विचारलं, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली.

ऑपरेशननंतर संध्याकाळी डॉक्टर आले. आवाजाची नस शाबूत आहे का ते बघायचं होतं, म्हणून काहीतरी बोल म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही. मी डोळे न उघडताच आई म्हटलं. आवाज स्वच्छ आला. मग पापण्या किलकिल्या केल्या. माझ्या पायांशी उभी असलेली आई नेहमीसारखी ओ देत पुढे येत होती. पण तिच्याही आधी खिडकीजवळची मामी उठली होती. पुरती नाही, अर्धीच. तशीच थांबली, मग हळूच खाली बसली आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा त्याची घडी घालायला लागली.

मामा, तिला याबद्दल काही विचारू नका. माझे डोळे मिटलेले होते असं तिला वाटतंय.

लोभ आहेच, तो दोन्ही घरांकडून असू द्या.

तुमची
श्रेया